सरूबाईची उलट्या पावलांची गाडी

सरूबाई माझ्या दुकानात पहिल्यांदा आली ती भांडायच्या तयारीनंच. लोणावळ्याच्या बाजारात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. अब्बांनी ते रेडिओसाठी काढलं होतं, आता मी मिक्सरपासून इन्व्हर्टरपर्यंत जे येईल ते उघडून बसते. दारावर मी स्वतः रंगवलेली पाटी आहे: खेळणी आणि ड्रोन दुरुस्त होणार नाहीत. ही पाटी सहलीला येणाऱ्यांसाठी. ड्रोन दरीत पाडायचा आणि वर 'मॅडम, संध्याकाळपर्यंत होईल ना' म्हणून विचारायचं, याचा मला मनापासून वैताग आहे. सरूबाईनं पाटी वाचली, पिशवीतून खेळण्यातल्या गाडीचा चिकटपट्टी गुंडाळलेला रिमोट काढला आणि माझ्या पुढ्यात ठेवला.

मी मान वर न करता पाटीकडे बोट दाखवलं.

"वाचली," ती म्हणाली. "दुरुस्त करा म्हणलं का मी?" आणि न विचारता स्टूल ओढून बसली.

तिला काय हवं होतं ते ऐकून मी हातातला मिक्सर बाजूला ठेवला. रिमोटवर अंगठ्यानं फिरवायची काळ्या टोपीची दांडी असते ना, तिला कसं कळतं की आपण किती ढकललं, एवढंच तिला विचारायचं होतं. तिकोणा पेठेत तिच्या शेजारी राहणारा भिकाजी पवनेकाठच्या एका बंगल्याची राखण करतो. पाहुण्यांच्या पोरांनी टाकून दिलेली गाडी त्यानं उचलून आणली होती. सरूबाई अंगणात ती गाडी तासभर फिरवत बसली आणि तिच्या लक्षात आलं, की दांडी जरा ढकलली की गाडी जरा चालते, जास्त ढकलली की पळते. बटणाचं तसं नसतं. बटण एक तर चालू, नाहीतर बंद.

बावीस वर्षांत मला हा प्रश्न विचारणारं एकही गिऱ्हाईक भेटलं नव्हतं. इंजिनिअरिंगची मुलं येतात, प्रोजेक्ट तयार आहे का विचारतात आणि बांधून घेऊन जातात. माझ्याकडे तसलीच एक सुटी जॉयस्टिक पडून होती, काड्यापेटीएवढी, पाच पायांची. मी ती उघडून दाखवली. रेडिओचा आवाज वाढवायला आपण त्याचा कान पिळतो, तसे दोन कान यात बसवलेत, एक आडवा आणि एक उभा. दांडी कलली की कान पिळला जातो. पाचांतले दोन पाय विजेचे, दोन पाय या दोन कानांची खबर देणारे, आणि पाचवा सांगतो की टोपी खाली दाबली आहे की नाही. मग मी ती अर्दुइनोला, म्हणजे प्रोग्रॅम चालवणाऱ्या एका छोट्या सर्किटला, जोडली आणि लॅपटॉपवर आकडे दाखवले. दांडी एका टोकाला नेली की शून्य, दुसऱ्या टोकाला एक हजार तेवीस, आणि सोडून दिली की मधे कुठंतरी पाचशे बाराच्या आसपास.

"सहाशेवर धरून दाखवू?" तिनं विचारलं.

मी मनात हसले. ती दांडी एका आकड्यावर धरून ठेवणं सोपं नसतं, माझ्याच हातात आकडे नाचतात. सरूबाईनं अंगठा ठेवला. आकडा पाचशे अठ्ठ्याण्णव, सहाशे, सहाशे एक, सहाशे, आणि तिथंच. ती माझ्याशी बोलत होती, अंगठा त्याचं काम करत होता. नंतर कळलं, की अठरा वर्षं ती गुलाबाच्या पॉलीहाऊसमध्ये आहे. मुख्य कळीला धक्का न लावता तिच्या बगलेतल्या बारक्या कळ्या अंगठ्यानं खुडायच्या, दिवसाला हजारोंनी. असा अंगठा कुठल्या कॉलेजात तयार होत नाही.

कशाला हवंय हे, असं विचारल्यावर तिनं सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज जराही हलला नाही. पॉलीहाऊसमध्ये मंगळवारी आणि शुक्रवारी फवारणी असते. चारी बाजूंनी प्लॅस्टिक, वर प्लॅस्टिक, आत उकाडा, आणि त्यात पाठीवर पंप घेऊन फवारायचं. त्या पाण्याला सगळे औषध म्हणतात. विष म्हणायला कुणाची जीभ वळत नाही. पूर्वी दोन गडी हे काम करायचे. ते सोडून गेले तेव्हा पंप सरूबाईच्या पाठीवर चढला, त्याला सहा वर्षं झाली. फवारणीच्या दिवशी घरी गेल्यावर हात थरथरतात, तव्यावरची एक भाकरी दोन दिसते, छातीत धाप बसलेली ती रविवारपर्यंत हलत नाही. तोंडाला बांधायला एक कापडी मास्क मिळतो. एक जाड पोशाखही आहे, तो घालून त्या उकाड्यात दहा मिनिटं कुणी उभं राहून दाखवावं.

"माजं झालं ते झालं," ती म्हणाली. "माजी चैताली लागली हाय आता तितं फुलं काढायला. साहेब म्हणत्यात, फेब्रुवारीचा माल निघायच्या आत तिला बी पंपावर घ्यायची. माजा दम पुरत न्हाई म्हणून. मी तिच्या पाठीवर पंप चढू द्यायची न्हाई."

मी म्हटलं, मग काम सोडा दोघींनी. हे मी किती सहज म्हटलं, त्याची आज मला लाज वाटते.

"आन् मग? तिसऱ्या कुणाच्या पोरीच्या पाठीवर चढंल. पंपानं आत जायचं, मान्सानं भाईर ऱ्हायचं. मला यवढंच करायचंय. तुमी शिकवनार का दुसरीकडं जाऊ?"

दुसरीकडं कोण शिकवणार होतं तिला? पण तिनं विचारलं असं, की जणू माझ्या मागं दुकानांची रांग लागली आहे. मला माणसं अशीच आवडतात.

गुरुवार तिच्या सुट्टीचा. दर गुरुवारी ती यायची, डब्यात दोघींची भाकरी घेऊन. श्रावणात सुरू केलेलं काम दिवाळीनंतर उभं राहिलं. भंगारातून मोटारीच्या वायपरच्या दोन मोटरी आणल्या. त्या हळू फिरतात पण रेटा जबरदस्त देतात. लहान सायकलची चाकं, मोटरसायकलची बॅटरी, मोडक्या पाठपंपाची टाकी आणि त्यातलाच छोटा पंप. गाडीच्या शेपटाशी एक उभा पाइप, त्याला दोन्ही अंगांना तुषार उडवणारी तोंडं. जॉयस्टिक बसवली प्लॅस्टिकच्या मसाल्याच्या डब्याच्या झाकणात, आणि डब्यातून गाडीपर्यंत निरोप न्यायला दोन बिनतारी पट्ट्या. दांडी कलवली की गाडी चालणार, टोपी दाबून धरली तेवढाच वेळ पंप फवारणार. प्रोग्रॅम मी लिहिला. पण त्यातला कुठला आकडा कशासाठी आहे, ते तिनं माझ्याकडून तिन्हीत्रिकाळ विचारून पाठ केलं. सातवी पास बाई. मला दोनदा चूक दाखवली तिनं, आणि दोन्ही वेळा तिचंच बरोबर होतं.

पहिली अडचण आमच्या हवेनं केली. लोणावळ्यात पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथं त्या बारक्या दांडीची काय कथा. दमट हवेत तिचा मध्य सरकायचा. हात लावला नाही तरी आकडा पाचशे बाराऐवजी चारशे नव्वद, कधी पाचशे चाळीस. त्यामुळे डबा टेबलावर ठेवला तरी गाडी आपली आपण गोगलगायीसारखी सरकायची. मी सरूबाईला समजावलं, की मधल्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना थोडी सूट द्यायची. तेवढ्या अंतरात आकडा किती का हलेना, गाडीनं जागचं हलायचं नाही. शिवाय डबा चालू करताना दांडी जिथं उभी असेल, तोच त्या दिवसाचा मध्य धरायचा. तिला हे फार पटलं. म्हणाली, आमच्या साहेबांचं असंच असतं, बाया जरा कुरकुरल्या तर त्यांना ऐकूच जात नाही, लय जोरात बोललं तरच मान हलते.

दुसरी अडचण मी स्वतः होते. एका गुरुवारी मी पाहिलं, तर तिनं दांडी उलटी बसवली होती. ती पुढं ढकलली की गाडी लांब जायच्या ऐवजी आपल्याकडे यायची आणि मागं ओढली की लांब जायची. मी म्हटलं, सरूबाई, हे उलटं झालंय. ती म्हणाली, न्हाई. मी म्हटलं, माझं आयुष्य गेलं यात. ती म्हणाली, जाऊ द्या की. शेवटी ती चहा सांगायला गेली तेवढ्यात मी प्रोग्रॅममधला आकडा फिरवून टाकला. मी केलं ते चांगल्यासाठीच, असं माझं तेव्हा प्रामाणिक मत होतं.

पुढच्या गुरुवारी ती आली ती रागानं लाल होऊन. गाडी घरामागच्या वाफ्यातून नेताना थेट शेणाच्या खड्ड्यात गेली होती, आणि भिकाजीसह अख्खी आळी हसली होती. मी काय केलं होतं ते तिनं ओळखलं होतं. तिनं मला दुकानाबाहेर बोलावलं, रस्त्यावर उभं केलं आणि चालून दाखवलं.

"फवारताना तोंड पुढं करून कुनी चालतं का? चाललं तर आपन मारलेलं आपल्याच तोंडावर. आदी कोरडंच टोकाला जायाचं. मग फवारत फवारत उलट्या पावलानं दाराकडं यायाचं. गाडी बी तशीच. शेपूट आदी आत घालायची, तोंड दाराकडं. आन् मी दारात उभी. मंग गाडीचं पुढं म्हंजे माज्याकडं, का न्हाई?"

बाजारातली माणसं बघत होती आणि ही बाई भर दुपारी हवेत फवारणी करत उलट्या पावलांनी येत होती. बरोबर होतं तिचं. गाडी तिच्यासाठी खेळणं नव्हतंच. गाडी म्हणजे आत गेलेली ती स्वतः होती, आणि तिला स्वतःला बाहेर काढायचं होतं. मी आकडा परत होता तसा केला आणि तिची माफी मागितली. मी सहसा कुणाची मागत नाही.

डिसेंबरात तिनं मॅनेजरला विचारून पाहिलं. प्रदीपसाहेब त्याचं नाव, शेतीतला पदवीधर, कडक इस्त्रीचा शर्ट. तो हसला. घरात असली खेळणी असतील तर नातवंडांना द्या म्हणाला. औषधाचा एवढा बाऊ कशाला, थोडंसं अंगावर पडलं तर कुणी मरत नाही, हे तर तो नेहमीच म्हणायचा. आणि जाता जाता सांगून गेला, की जानेवारीच्या दुसऱ्या शुक्रवारपासून चैताली पंपावर.

त्या शुक्रवारी मी दुकान बंद ठेवून गेले. बायांना कामावर आणणाऱ्या टेम्पोतच सरूबाईनं गाडी चढवली होती. परवानगीचं काय, असं मी हळूच विचारलं. ती म्हणाली, सहा वर्षं आत जाताना मला कुनी परवानगी मागाय लावली न्हाई, आज भाईर ऱ्हायची कशाला मागू. बाया हसल्या, पण हसण्यात धाकधूक होती. चौदा जणी होत्या. चैताली त्यांच्यात उभी, एकोणीस वर्षांची, हातात तो कापडी मास्क घेऊन. ती मास्क बांधतही नव्हती आणि खाली ठेवतही नव्हती.

सरूबाईनं टाकीत नळाचं साधं पाणी भरलं. आधी पाण्यावर दाखवायचं, मग औषध घालायचं, असं आमचं ठरलं होतं. एक नंबरच्या पॉलीहाऊसच्या दारात ती डबा घेऊन उभी राहिली. डबा चालू केला, दोन श्वास थांबली, मग अंगठा मागं ओढला. गाडी शेपटाकडून गुलाबांच्या दोन वाफ्यांमधल्या अरुंद वाटेत शिरली, काट्यांना न शिवता टोकाला गेली, आणि तिथून तुषार उडवत तोंडानं परत येऊ लागली. एकसारखं धुकं, दोन्ही बाजूंच्या पानांवर, खालून वरपर्यंत. शालूबाई नावाची तिथली सगळ्यांत जुनी बाई पुढं झाली आणि एक पान उलटं करून पाहिलं. पान खालूनही ओलं होतं.

दुसऱ्या वाटेत गाडी टोकाला पोचली तेवढ्यात प्रदीपसाहेब आला. शुक्रवार, फवारणीची वेळ, टाकी गाडीवर आणि टाकीवर जुने पिवळे डाग. आत काय आहे ते त्यानं विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. कुणाला विचारून हे आत घातलं म्हणून तो ओरडला, गाडीचा धक्का लागून माल खराब झाला तर कोण जबाबदार म्हणाला, आणि सरूबाईच्या हातातला डबा हिसकावून आत वाटेच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. गाडी पलीकडच्या टोकालाच दाबून ठेवायची होती की काय, कोण जाणे. त्यानं दांडी पुढं ढकलली, आणि चिडलेला माणूस ढकलतो तशी दाबून ढकलली.

गाडीनं त्याच्याकडे यायला सुरुवात केली. पंप सुरू झाला. तिला लांब घालवायला त्यानं दांडी आणखी पुढं रेटली. गाडी आणखी जोरात आली. सरूबाई म्हणाली, "सोडा ती, सोडली की थांबती." पण त्या क्षणी तो कुणाचं ऐकणार. गाडी त्याच्या पायाशी आली, तो वाफ्यात अंग चोरून उभा राहिला, गाडी बाजूनं गेली आणि मागचा उभा पाइप त्याला डोक्यापासून बुटांपर्यंत भिजवत गेला.

मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. त्या माणसानं डबा टाकला, श्वास कोंडून धरला, शर्ट ओढून नाकावर घेतला आणि पळाला. दारातून बाहेर, बायांना ढकलून, थेट नळावर. डोळे धुतले, चुळा भरल्या, पुन्हा डोळे धुतले. इस्त्रीचा शर्ट बटणं तोडून अंगातून काढून फेकला. "गाडी काढा माझी, दवाखान्यात न्या," असं काहीतरी बरळत होता.

सरूबाई शांतपणे नळापाशी गेली. "पानी हाय साहेब," ती म्हणाली. "ह्याच नळाचं. औषध आजून भरलंच न्हाई. मी सहा वरसं आत हाय, आन् तुमी पान्याला पळाला."

नळ वाहत होता तो कुणी बंद केला नाही. चौदा बाया त्याच्याकडे बघत होत्या. कुणीही हसत नव्हतं, आणि माझ्या मते तेच त्याला सहन झालं नाही. त्याच्या तोंडावरून सगळं उतरलं आणि मग त्या जागी राग आला. हा तमाशा बंद करायचा म्हणाला. गाडी भंगारात जाईल, सरूबाईनं उद्यापासून यायचं नाही. तो चैतालीकडे वळला आणि म्हणाला, "तू पंप चढव. आत्ताच."

चैतालीनं आईकडे पाहिलं. पोर उचलणार पंप, असं मला वाटलं, कारण साहेबानं सांगितलं की उचलायचं, हेच त्या सगळ्यांना आजवर ठाऊक होतं.

सरूबाई शेडमध्ये गेली आणि पाठपंप उचलून घेऊन आली. तो तिनं साहेबाच्या पायांपुढे ठेवला. आत पडलेला मसाल्याचा डबा आणून त्याच्या शेजारी ठेवला.

"फवारनी आज व्हायाचीच हाय, मला बी कळतंय," ती म्हणाली. "आत जाऊन करायची का भाईरनं, ते तुमी ठरवा. ह्यातलं एक उचला. ह्यो पंप आमच्यातली कुनीबी उचलनार न्हाई."

शालूबाई येऊन तिच्या शेजारी उभी राहिली. मग आणखी एक. मग सगळ्याच आल्या, आणि चैतालीनं तो मास्क पंपावर टाकला. भाषण कुणी केलं नाही. नुसत्या उभ्या राहिल्या, हात बांधून, आणि मला अब्बांची शपथ, त्या बायांचा मला इतका अभिमान वाटला की मीही जाऊन त्यांच्यात उभी राहिले, माझा त्या गुलाबांशी काही संबंध नसताना.

प्रदीपसाहेब ओल्या बनियनवर उभा होता. जानेवारीतलं ऊन, अंगावरून पाणी ठिबकतंय. त्यानं एकदा पॉलीहाऊसच्या दाराकडे पाहिलं. पाठपंपाकडे मात्र पाहिलं नाही. मग तो वाकला, डबा उचलला आणि सरूबाईपुढे धरला.

तिनं तो लगेच घेतला नाही. त्याला तसाच हात पुढं करून उभा राहू दिला आणि लेकीकडे वळली.

"चैताली, तू दोन नंबरात जा," ती म्हणाली. "फुलं काढायची ऱ्हायल्यात."

पोर दोन नंबरच्या दारातून आत दिसेनाशी होईपर्यंत ती बघत राहिली. मग तिनं डबा घेतला.